पेठेचा स्टॉपर, कॉलेजचा कोच

२०१३ च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर माझा उजवा गुडघा गेला. फुटबॉलची सेमीफायनल होती, एक-एक बरोबरी. मी स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मध्यभागी. समोरच्या फॉरवर्डनं डावीकडं जायची हूल दिली, मी त्याच्याबरोबर वळलो. अंग वळलं, पण बुटाचे स्टड गवतात रुतले आणि पाय तिथंच राहिला. ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं गॅलरीतून कुणीतरी बाटली फेकली, म्हणून मी मागं वळून बघितलं. मग पाय टेकवायला गेलो आणि खाली बसलो. उठताच येईना.

दुसऱ्या दिवशी एमआरआय काढला. गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, ते पूर्ण तुटलं होतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि वरिष्ठ गटात नऊ हंगाम खेळलो होतो.

कोल्हापूरबाहेरच्यांना आधी थोडं सांगायला हवं. आमच्याकडं फुटबॉल क्लबांचा नाही, पेठांचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या मुळात तालमी, म्हणजे तांबड्या मातीतल्या कुस्तीच्या. संस्थानी काळात राजघराण्याच्या आश्रयानं शहरात फुटबॉल रुजला आणि तालमीतली पोरं कुस्तीबरोबर चेंडूही खेळायला लागली. आज केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ आहेत. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत लीग आणि मग एकामागून एक चषक. मोठा सामना असला की दुपारी तीननंतर मिरजकर तिकटीकडनं गाडी पुढं काढता येत नाही. पोरगं कोणत्या संघात खेळणार हे बहुतेक वेळा ते कोणत्या गल्लीत जन्मलं यावरून ठरतं. माझंही तसंच झालं. माझी तालीम कोणती ते इथं लिहीत नाही, त्याचं कारण पुढं येईल.

ऑपरेशनला पैसे नव्हते. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात एक लेथ मशीन, त्यावर आमचं घर चालायचं. पेठेनं वर्गणी काढली. गणपतीची काढतात तशीच, पावती पुस्तक घेऊन दारोदार. कुणी पाचशे दिले, कुणी पन्नास. आमच्या बोळाच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या मावशींनी वीस रुपये दिले होते आणि त्यांचंही नाव पावतीवर होतं. ते पुस्तक आईनं अजून जपून ठेवलंय.

मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून त्याचं नवं लिगामेंट बसवलं. नऊ महिने तरी मैदान नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिले कित्येक दिवस व्यायाम एकच. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, मांडी आवळून ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दिवसातून शंभरदा. मांडी इतकी वाळली होती की दोन्ही हातांच्या बोटांच्या कवेत यायची. पुढं मी परत पळायला लागलो, चेंडूही खेळलो. पण वळताना मन कचरायचं, आणि स्टॉपरचं मन कचरलं की गोल झालाच. एक हंगाम कसाबसा राखीव म्हणून काढला आणि केएसएकडं पुढच्या वर्षीची नोंदणी केली नाही.

मी ज्या कॉलेजातून बी.ए. झालो, तिथले क्रीडा संचालक एका संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, गुडघ्याची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, “लेथवर उभा राहून दिवस जाईल तुझा. संध्याकाळचं काय? पोरं घे कॉलेजची.” २०१४ च्या जुलैत मी कॉलेजच्या मैदानावर गेलो. मानधन महिन्याला सहा हजार, तेही शैक्षणिक वर्षातले आठच महिने.

पहिल्या दिवशी बत्तीस पोरं आली होती. माझ्या हातात शिट्टी, पोत्यात सहा चेंडू. मला कुणी शिकवलं होतं तसंच मी शिकवायला लागलो. आधी मैदानाला दहा फेऱ्या, मग रांगा, मग एकेकानं यायचं, भिंतीला पास द्यायचा, परतीचा चेंडू गोलात मारायचा आणि रांगेच्या शेवटी जायचं. चुकला की मी ओरडायचो. फारच चुकला की चेंडू घेऊन स्वतः मारून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची. शाहू स्टेडियमवर मला खेळताना बघितलेली पोरं होती ती. मला वाटायचं शिकवणं छान चाललंय. त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो, पुढच्या वर्षी पहिल्या.

तेव्हा मी पोरांनाच दोष दिला. हे आज लिहिताना जड जातं.

२०१६ साली मुंबईत डी लायसन्सचा कोर्स केला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकांच्या शिडीची ही तेव्हाची पहिली पायरी. वर सी, बी, ए आणि प्रो. सहा दिवस, सकाळी मैदान, दुपारी वर्ग, रात्री दुसऱ्या दिवसाच्या सेशनचा कागद. आमच्या तुकडीत शाळेतले पी.टी.चे सर होते, मुंबई लीगमध्ये खेळलेले दोघं-तिघं होते, विदर्भातून आलेली एक मुलगी होती. खेळाचे सतरा नियम पुन्हा पहिल्यापासून वाचले. नेमका त्याच वर्षी नियम बदलला होता. किक-ऑफला चेंडू पुढंच ढकलायचं बंधन गेलं, तो मागंही देता येऊ लागला. मी नऊ वर्षं वरिष्ठ गटात खेळलेला माणूस, पण नियमांचं पुस्तक म्हणून हातात घेतलं ते त्या आठवड्यात.

चौथ्या दिवशी माझं प्रात्यक्षिक होतं. विषय पासिंग आणि चेंडू ताब्यात घेणं, वेळ पंधरा मिनिटं, खेळाडू म्हणून कोर्समधलेच बारा जण. मी मनापासून शिकवलं. चेंडू कसा थांबवायचा, अंग कसं ठेवायचं, आतल्या बाजूनं पास, बाहेरच्या बाजूनं पास, सगळं करून दाखवलं. संपल्यावर शिकवणाऱ्या सरांनी त्यांची वही माझ्यापुढं धरली. प्रत्येकाच्या नावापुढं उभ्या रेघा मारल्या होत्या, चेंडूला पाय लागला की एक रेघ. कुणाच्या नावापुढं सहा, कुणाच्या नऊ. सगळ्यात खाली माझं नाव होतं आणि तिथं रेघांना जागा पुरली नव्हती.

ते काही बोलले नाहीत, दुसऱ्याचं सेशन बघायला निघून गेले. मी त्या वहीकडं बघत उभा राहिलो. माझ्या सेशनमध्ये सगळ्यात जास्त फुटबॉल मी खेळलो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. दोन वर्षं रांगेत ताटकळलेली पोरं डोळ्यांपुढं यायला लागली. बत्तीस पोरं, सहा चेंडू, दोन रांगा. एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटांतून एकदा चेंडू येणार, तोही मोकळा, समोर कुणी नसताना. सामन्यात तसा चेंडू येतो कधी? सामन्यात मागून एक जण अंगावर येत असतो, बाजूला एक जण मागत असतो, आणि पाऊण सेकंदात ठरवायचं असतं. ते ठरवायचं मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. मी मैदानात ते कसं ठरवायचो, हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

कोर्सवरून परतल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे रांगा बंद. चुन्यानं चार चौकोन आखले, वीस पावलं लांब, पंधरा पावलं रुंद. प्रत्येकात चार विरुद्ध चार. गोल म्हणून दोन-दोन चपला. एका संध्याकाळी एकच गोष्ट, म्हणजे आज चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं. दुसरं काहीही चुकलं तरी मी बोलायचं नाही. हे पाळणं मला फार अवघड गेलं. पोरगं डोळ्यांदेखत चुकीचा पास देतंय आणि आपण गप्प राहायचं. मी शिट्टी दातांत धरून ठेवायचो. उभं कुठं राहायचं हेही शिकावं लागलं. मी सवयीनं मध्यभागी जायचो, जिथं स्टॉपर असतो. तिथनं अर्धा खेळ पाठीमागं जातो. कोपऱ्याबाहेर उभं राहिलं की सगळी पोरं एका नजरेत येतात, आणि चेंडूपासून लांब असलेली काय करतात तेही दिसतं.

खांद्यावरून बघण्याला आमच्या पोरांनी नाव पाडलं, “आरसा”. गाडी चालवताना आरशात बघतो तसं. मग सगळ्या मैदानावर “आरसा, आरसा” असं चालायचं. अधिकृत शब्दापेक्षा हा शब्द मला जास्त उपयोगी पडला.

वहीत रेघा मारायची सवय मीही लावून घेतली. एका सराव सामन्यात कोण कुणाला पास देतो ते टिपलं. राइट बॅककडून, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूकडून, नऊ नंबरला, म्हणजे मुख्य फॉरवर्डला, चाळीस मिनिटांत एकही पास नव्हता. नऊ नंबर मोकळा होता, हात वर करून मागत होता. रेघा पुन्हा बघितल्या. राइट बॅक एका पेठेचा आणि नऊ नंबर दुसऱ्या. मागच्याच महिन्यात त्या दोन तालमींच्या सामन्यात गॅलरीत राडा झाला होता. सगळी वही तशीच निघाली. कॉलेजच्या एका जर्सीखाली मैदानावर चार संघ खेळत होते.

मी सगळ्यांना बसवून भाषण दिलं. कॉलेज एक, संघ एक, वगैरे. पोरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. सराव संपल्यावर आमचा गोलकीपर थांबला. तो माझ्या तालमीच्या कट्टर विरोधकांकडून खेळणारा, बोलायला कमी. म्हणाला, “सर, एक बोलू का? तुम्ही रोज त्यांचाच टी-शर्ट घालून येताय की.”

मी खाली बघितलं. माझ्या अंगावर माझ्या तालमीचा टी-शर्ट होता, छातीवर नाव, पाठीवर माझा जुना नंबर. दोन वर्षं मी तो घालून त्या मैदानावर येत होतो. घरात तेच कपडे होते, तेच घालून निघायचो. त्या पोराला मात्र रोज दिसत होतं की आपला कोच त्यांचा आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी साधा पांढरा शर्ट घातला. सरावाला कोणत्याही तालमीची जर्सी चालणार नाही असं सांगितलं, आणि कारण म्हणून आधी माझंच उदाहरण दिलं. लक्ष्मीपुरीतून स्वस्तातल्या वीस रंगीत बंड्या आणल्या. आणि भाषणाऐवजी खेळाचा नियम बदलला. गोलाआधीचा शेवटचा पास दुसऱ्या तालमीच्या पोरानं दिला असेल तर तो गोल दोन धरायचा. पहिले दोन दिवस पोरं हसली. तिसऱ्या दिवशी राइट बॅकनं तीस यार्डांवरून चेंडू उचलून नऊ नंबरच्या छातीवर ठेवला, कारण त्यांचा संघ एका गोलानं मागं होता. पोरं जिंकायला येतात. त्या वाटेनं गेलो तेव्हा जमलं.

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. शहरानं तो महिना कसा काढला ते सांगता येणार नाही, पडदे लागले होते चौकाचौकात. मी पोरांना कोलंबियाविरुद्धचा सामना पुन्हा दाखवला. ८२ व्या मिनिटाला जीक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी केली, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. आणि पुढच्याच मिनिटाला आपण गोल खाल्ला. भारत १-२ नं हरला. मी पोरांना त्या दोन गोलांच्या मधलं मिनिट चार-पाच वेळा दाखवलं. आनंद करायचाच, त्याशिवाय खेळायचं कशाला? पण परतताना कोण कुणाला धरणार हे आनंदातच ओरडून ठरवायचं. तेव्हापासून सरावात गोल झाला की पुढची दोन मिनिटं मी हातानं घड्याळ दाखवतो.

शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात. आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो देशाच्या पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा ठिकाणच्या विद्यापीठांशी खेळतो. पोरांच्या दृष्टीनं खेळाच्या प्रमाणपत्राला मोल आहे, कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आंतरविभागीय सामन्यात चमकणं म्हणजे निवडसमितीच्या नजरेत येणं. हे सगळं सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात काय पणाला लागलं होतं ते कळावं.

त्या वर्षी आम्ही विभाग जिंकला. आंतरविभागीय सामन्याच्या आदल्या आठवड्यात माझा नऊ नंबर तीन दिवस सरावाला आला नाही. तो माझ्याच पेठेचा, आमच्याच बोळातला, मला काका म्हणणारा. त्याच्या, म्हणजे आमच्या तालमीचे सराव सामने चालले होते. नियम मी वर्षाच्या सुरुवातीला सांगितला होता की न कळवता तीन दिवस चुकले तर पहिल्या अकरात नाव नाही. मी त्याला बाहेर बसवला.

आदल्या रात्री त्याचे वडील घरी आले. आईनं चहा ठेवला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, कप तसाच धरून बसले. मग म्हणाले, “पेठेनं तुझ्या पायाला पैसे घातलेत, बाळ. आम्ही मोजून दाखवत नाही. पण पोराचं वर्ष आहे.”

मला उत्तर सुचलं नाही. खरं होतं ते. त्यांच्या नावाची पाचशेची पावती त्या पुस्तकात होती. मी एवढंच म्हणालो, “काका, उद्या तो दुसऱ्या हाफला खेळेल. सुरुवात नाही.” ते उठले. चहा तसाच राहिला. आई कप उचलताना माझ्याकडं न बघता म्हणाली, “आपल्या पोराला बाहेर बसवलास व्हय?”

सामना गोलशून्य राहिला. नऊ नंबर दुसऱ्या हाफला आला, जीव तोडून खेळला, एक चेंडू बारला लागला. टायब्रेकरवर आम्ही हरलो. तो सुरुवातीपासून असता तर कदाचित जिंकलो असतो, हे मला सगळ्यांनी सांगितलं, आणि मी स्वतःलाही कितीदा सांगितलं असेल. तरी तो निर्णय मी आजही बदलणार नाही. राइट बॅक, गोलकीपर, सगळी पोरं बघत होती की काका आपल्या बोळातल्या पोराला नियम लावतो की नाही. त्या एका आठवड्यात मी कोण आहे ते ठरलं. पेठेतल्या काही घरांनी त्यानंतर वर्षभर मला जेवायला बोलावलं नाही. मी ते मनावर घेतलं, घेतलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

सरावाची पुढची तारीख मंगळवार होती. नऊ नंबर सगळ्यांच्या आधी येऊन चौकोन आखत होता.

या सगळ्यात शिक्षणही चाललं होतं. कॉलेजात पुढं जायचं तर डी लायसन्स पुरत नाही. कॉलेजं पदवी विचारतात, क्लब लायसन्स विचारतात, आणि कुठंही गेलं की कुणीतरी पटियालाच्या एनआयएसचं, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं, प्रमाणपत्र आहे का म्हणून विचारतंच. आधी एक वर्षाचा असलेला बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा कोर्स, २०१५ पासून दोन वर्षांचा झाला होता. मी ती दोन वर्षं केली, मग एम.पी.एड. सकाळी वर्ग, दुपारी लेथ, संध्याकाळी मैदान. शरीरशास्त्राचा पेपर मला मनापासून आवडला. माझ्याच गुडघ्याची आकृती होती त्यात. वळताना लिगामेंटवर ताण का येतो, उडी मारून खाली येताना गुडघा आत का झुकू द्यायचा नाही, हे वीस वर्षांचा असताना कुणी सांगितलं असतं तर, असं वाटून जायचं. आता आमच्या प्रत्येक सरावाची पहिली पंधरा मिनिटं यालाच जातात. एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून अलगद उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. पोरं कंटाळतात. मी तेवढ्यापुरता हट्टी आहे.

कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठी लागणारी सेट परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात पास झालो. पन्नास प्रश्नांच्या पहिल्या पेपरनं दोनदा अडवलं. विषयाचे शंभर प्रश्न त्यापेक्षा सोपे वाटले. पास झाल्यावर सगळ्यांना वाटलं आता कायमची नोकरी लागली. जागा निघायला हव्यात ना. वर्षानुवर्षं भरती रखडते, आणि मैदानावर काम करणारी बहुतेक माणसं मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर असतात. मीही अजून मानधनावरच आहे. लेथ अजून चालू आहे. ज्या पोरांना हा मार्ग धरायचाय त्यांना मी हे आधी सांगतो. घरात दुसरं काहीतरी मिळकतीचं हवं. त्याशिवाय चांगली चांगली माणसं दोन वर्षांत सोडून जातात, आणि तोटा मैदानाचा होतो.

२०१८ मध्ये मुलींचा संघ सुरू केला. पहिल्या दिवशी सात जणी, ओढण्या कमरेला बांधलेल्या. आमच्या कोल्हापुरात मुली “मी येतो, मी जातो” असंच बोलतात. एक मुलगी जाताना म्हणाली, “सर, मी उद्या बूट घेऊन येतो.” दुसऱ्या दिवशी भावाचे बूट घेऊन आली, दोन नंबर मोठे, पुढं कागद कोंबलेला. मुलांच्या वेळी केलेल्या चुका मुलींच्या वाट्याला आल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून चौकोन, चार विरुद्ध चार. आणि पेठ हा प्रश्नच नव्हता. पेठेनं त्यांना कधी आपलं म्हणून मैदानावर घेतलंच नव्हतं. त्यांचे प्रश्न वेगळे. सात वाजता अंधार पडतो, घरी कोण सोडणार? सांगलीला सामना, बरोबर बाई कोण जाणार? पहिल्या वर्षी मी आणि ग्रंथालयातल्या मॅडम मिळून घरोघरी गेलो. चौदा घरांपैकी अकरा तयार झाली.

२०१९ ला गोल-किकचा नियम बदलला. चेंडू पेनल्टी बॉक्सबाहेर जायची वाट बघावी लागेना, बॅक, म्हणजे बचावपटू, आतच उभा राहून पास घेऊ शकतो. मुलांना हे बदलायला सहा महिने लागले, गोलकीपर लांबच मारायचे. मुली तर तेव्हाच शिकत होत्या, त्यांनी पहिल्यापासून छोटा पास द्यायला घेतला. मग लॉकडाऊन आलं. दीड वर्ष मैदानावर गवत गुडघ्याएवढं वाढलं. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीतली एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. शाहू स्टेडियमवर एका चषकाचा सामना होता, माझी तालीम आणि आमच्या गोलकीपरची तालीम. गोलकीपर आणि नऊ नंबर, दोघंही पोरं तेव्हा शेवटच्या वर्षाला. मी दारातनं आत गेलो आणि थांबलो. उजवीकडं आमच्या पेठेची माणसं, हलगी सुरू झालेली. समोरच्या बाजूला ते. आजवर मी कुठं बसायचं हा विचार कधी केला नव्हता. शेवटी कोपऱ्याच्या निशाणामागं, जिथं कुणीच बसत नाही अशा पायरीवर बसलो. तिथनं मैदान तिरपं दिसतं, पण सगळं दिसतं.

सामना टायब्रेकरवर गेला. शेवटची किक नऊ नंबरची. गोलात आमचाच गोलकीपर. दोन वर्षं कॉलेजच्या मैदानावर सराव संपला की हे दोघं अंधार पडेपर्यंत पेनल्टी मारत बसायचे. नऊ नंबर नेहमी गोलकीपरच्या उजव्या हाताला मारतो, खाली, जोरात. गोलकीपरला ते माहीत होतं, नऊ नंबरला माहीत होतं की त्याला माहीत आहे, आणि गॅलरीत एकट्या मला दोन्ही माहीत होतं. हलगी थांबली. नऊ नंबरनं चेंडू ठेवला, चार पावलं मागं गेला आणि तिथंच मारला, गोलकीपरच्या उजव्या हाताला, खाली. गोलकीपर बरोबर तिकडंच झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना लागला, खांबावर आदळला आणि आत गेला.

आमची पेठ मैदानात उतरली. गोलकीपर गुडघ्यांवर बसून होता. नऊ नंबर खांद्यावर घेणाऱ्यांच्या हातून निसटून आधी त्याच्याकडं गेला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गर्दीत शिरला.

मंगळवारी दोघं बरोबरच मैदानावर आले, येतानाच वाद चाललेला. गोलकीपर म्हणत होता बोटं लागली होती, खांब नसता तर बाहेर होता. नऊ नंबर म्हणत होता खांब असतोच. मी पोत्यातून एक चेंडू काढला, पेनल्टीच्या खुणेवर ठेवला आणि दोघांना म्हणालो, “मार परत.”